व्होल्ट, मिलिमीटर आणि पैजेचा चहा

"दोन सपाट प्लेट्स. मध्ये १० मिलिमीटर हवा. वर २० किलोव्होल्ट पीक. हवा टिकेल?"

ओरलला एक्स्टर्नल सरांनी हा प्रश्न टाकला तेव्हा मी मनातल्या मनात उडीच मारली. कारण हा असा प्रश्न होता की ज्याचं उत्तर मला चक्क येत होतं! व्होल्टेज भागिले अंतर. २० भागिले १०, म्हणजे मिलिमीटरला २ किलोव्होल्ट. हवा मिलिमीटरला साधारण ३ किलोव्होल्टपर्यंत तग धरते. म्हणून, "टिकेल, सर."

"छान. आता मला अजून सेफ्टी पाहिजे. मी खालच्या प्लेटवर ८ मिलिमीटर जाडीची काच ठेवली. वर उरली २ मिलिमीटर हवा. आता?"

"आता तर टिकेलच, सर. काच हवेपेक्षा कितीतरी चांगली इन्सुलेटर आहे."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, जर्नलकडे पाहिलं आणि म्हणाले, "पुढचा रोल नंबर पाठवा."

मित्रहो, ओरलला सर रागावले तर निदान काय चुकलं ते कळतं. नुसतं हसून बाहेर पाठवलं की रात्रीची झोप जाते. त्या रात्री मेसमध्ये हाच विषय. टेबलावरची सात माणसं म्हणाली काच घातल्यावर जास्त सुरक्षित. आठवा आमच्या विंगमधला, ज्याला आम्ही 'वैज्ञानिक' म्हणतो, तो वरणभात कालवत शांतपणे म्हणाला, "नाही. हवा फुटेल." पैज लागली. हरणाऱ्याने आठवडाभर टपरीवरचा चहा पाजायचा. मी हरलो हे आधीच सांगून टाकतो. पण का हरलो, ते नीट सांगायचं तर अगदी बारावीपासून सुरुवात करावी लागेल.

बारावीत आपण विद्युत क्षेत्राची व्याख्या पाठ करतो: एकक धनभारावर लागणारं बल. एकक न्यूटन प्रति कूलोम. आणि दुसऱ्या कुठल्यातरी धड्यात व्होल्ट प्रति मीटर येतं. दोन्ही एकच कशी, हे फार थोड्यांना विचारावंसं वाटतं. प्रत्यक्षात ते दोन ओळींचं काम आहे. एका प्लेटपासून दुसऱ्या प्लेटपर्यंत भार नेला. क्षेत्र सगळीकडे सारखं असेल तर बलही सारखं. म्हणजे कार्य = भार × क्षेत्र × अंतर. आणि व्होल्टेजची व्याख्याच अशी की कार्य = भार × व्होल्टेज. दोन्ही बाजूंचा भार खोडा. उरलं काय?

क्षेत्र = व्होल्टेज ÷ अंतर.

बस. पण या दोन ओळींत एक शब्द गुपचूप आत शिरला आहे, तो म्हणजे "सगळीकडे सारखं". सूत्राचा सगळा जीव या दोन शब्दांत आहे. आपण मात्र सूत्र लक्षात ठेवतो आणि अट विसरतो. (करारनाम्यातली बारीक अक्षरं वाचायची नाहीत ही आपली जुनी सवय.)

सारखं क्षेत्र मिळवायचं तर प्लेटा समांतर पाहिजेत आणि गॅपच्या मानाने चांगल्या मोठ्या पाहिजेत. रॉबर्ट मिलिकनने १९०९ पासून पुढची काही वर्षं शिकागोत तेलाच्या थेंबांचा तो प्रसिद्ध प्रयोग केला. त्याच्या उपकरणातल्या पितळी प्लेटा २२ सेंटिमीटर व्यासाच्या होत्या आणि मधला गॅप फक्त १६ मिलिमीटर. म्हणजे व्यास गॅपच्या जवळजवळ चौदापट! एवढ्या मोठ्या प्लेटा कशाला? तर थेंब मधोमध कुठेही तरंगत असला तरी त्याच्यावरचं क्षेत्र तेच असलं पाहिजे, म्हणून. त्याचं व्होल्टेज काही हजारांत असायचं. ५००० धरा आणि भागा ०.०१६ ने. उत्तर येतं मीटरला ३ लाख १२ हजार ५०० व्होल्ट. अवघ्या पाच हजारांतून तीन लाख! वाढवलं कोणी? मिलिमीटरने.

इथेच आपली पहिली ठेच लागते. मिलिमीटरचा मीटर करायला विसरलो की उत्तर हजारपट चुकतं. माझ्या सबमिशनमध्ये एकदा १२ व्होल्टची बॅटरी आणि ३ मिलिमीटर गॅप यांचं उत्तर "४ व्होल्ट प्रति मीटर" असं होतं आणि त्यावर सही पण झाली होती. खरं उत्तर ४०००.

दुसरी ठेच म्हणजे "व्होल्टेज कमी, म्हणजे क्षेत्र कमी" हा समज. आपल्या शरीरातल्या पेशींच्या आवरणावर साधारण ७० मिलिव्होल्ट असतात. घड्याळाच्या सेलच्या विसाव्या हिश्शाइतकेसुद्धा नाहीत. पण आवरणाची जाडी सुमारे ७ नॅनोमीटर. भागा: मीटरला १ कोटी व्होल्ट, म्हणजेच मिलिमीटरला १० किलोव्होल्ट. हवा याच्या तिसऱ्या हिश्शाला फुटते. तुम्ही हा लेख वाचताय तेव्हा तुमची प्रत्येक पेशी एवढं क्षेत्र अंगावर घेऊन बसलेली आहे, आणि वर सबमिशनचं टेन्शन वेगळं.

तिसरी ठेच पीक आणि आर.एम.एस.ची. मीटर दाखवतो आर.एम.एस., पण हवा फुटते ती पीकला. म्हणून एक्स्टर्नल सरांनी "२० किलोव्होल्ट पीक" असं मोजून म्हटलं होतं. मीटरवर तेच १४ दिसतील.

आता काचेकडे वळू.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे हाय व्होल्टेज लॅबमध्ये गेलो. लॅबमधल्या काकांनी तिथे इतकी वर्षं काढली आहेत की आमच्या कित्येक सरांची प्रॅक्टिकल्ससुद्धा त्यांनीच करून घेतलीत. प्रश्न ऐकून ते म्हणाले, "सरांना घेऊन या. सर उभे राहिले तर दाखवतो." सर आले. जाळीच्या पिंजऱ्यात कडा गोल केलेल्या दोन चकत्या आडव्या लावल्या. मध्ये १० मिलिमीटर. काकांनी जाळीचं दार लावलं, इंटरलॉक तपासला आणि व्होल्टेज हळूहळू चढवलं. ५, १०, १४... काही नाही. शांत. व्होल्टेज उतरवलं, सप्लाय बंद, अर्थिंग रॉड लावला, आत जाऊन ८ मिलिमीटरचा काचेचा तुकडा खालच्या चकतीवर ठेवला. दुकानात खिडक्यांना मिळते तीच काच. परत दार बंद. लाइट घालवले.

मीटर साडेआठ-नऊच्या मध्ये कुठेतरी असेल, तेवढ्यात बारीक फसफस ऐकू यायला लागली. बाटलीतलं सोडावॉटर फसफसावं तशी. आणि काचेवरच्या त्या दोन मिलिमीटरच्या फटीत जांभळट उजेडाचे ठिपके नाचायला लागले. दहापर्यंत नेलं तर सगळी फट जांभळी. आणि एक विशिष्ट वास... झेरॉक्सच्या दुकानात येतो तसला. तोच ओझोन.

'वैज्ञानिक' काहीच बोलला नाही. नुसते चहाचे पैसे मोजल्यासारखी बोटं हलवली.

काय झालं असेल? गणित असं आहे. काचेचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट साधारण ६ ते ७ असतो, आपण ६ धरू. याचा अर्थ, काच आणि हवा अशा एकावर एक थरांत असल्या तर काचेतलं क्षेत्र हवेतल्या क्षेत्राच्या एक षष्ठांश असतं. काचेतले रेणू थोडे थोडे ताणले जातात आणि आतल्या क्षेत्राला बरंचसं मारून टाकतात. म्हणजे काच व्होल्टेजचा आपला वाटा उचलायला तयारच नसते! चांगली ८ मिलिमीटर जाड, पण हवेच्या हिशेबात ती फक्त ८ भागिले ६, म्हणजे १.३३ मिलिमीटर. त्यात खरी हवा २ मिलिमीटर. एकूण अंतर झालं ३.३३ मिलिमीटर. आपल्याला पट्टी दाखवते १०, सप्लायला मात्र दिसतं ३.३३.

मग २० भागिले ३.३३. हवेतलं क्षेत्र मिलिमीटरला ६ किलोव्होल्ट! काच नव्हती तेव्हा २ होतं. आपण सेफ्टी वाढवायला गेलो आणि क्षेत्र तिप्पट करून बसलो. काचेत फक्त १ आहे, ती आरामात बसली आहे. गरीब बिचारी हवा सगळं सोसते आहे. हॉस्टेलच्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये कामाची वाटणी साधारण अशीच होते. ज्याला जमतं तो काही करत नाही आणि ज्याला जमत नाही त्याच्या गळ्यात सगळं.

मीटरवरचा आकडा जुळतो का तेही रात्री बसून पाहिलं. हवेचा ३ किलोव्होल्टचा नियम सेंटिमीटरभर गॅपसाठी ठीक आहे. गॅप लहान झाला की हवा थोडी चिवट होते. २ मिलिमीटरला साधारण पावणेचार धरावे लागतात. पावणेचार गुणिले ३.३३ म्हणजे साडेबारा किलोव्होल्ट पीक. भागिले १.४१, म्हणजे मीटरवर ८.८ च्या आसपास. फसफस ऐकू आली होती साडेआठ-नऊला! चौथ्या सेमिस्टरनंतर पहिल्यांदाच एखाद्या सूत्राने मला असं डोळ्यांसमोर उत्तर दिलं होतं. हरल्याचं दुःख थोडं कमी झालं.

फसफस झाली, पण धडाका का नाही झाला? कारण हवा फुटली तरी काच शाबूत आहे. आता सगळे २० तिच्यावर आले तरी मिलिमीटरला अडीच, ते तिला सहज झेपतात. हवेतून आलेला भार काचेवर साठतो, त्याने फटीतलं क्षेत्र कमी होतं, ठिणगी विझते. व्होल्टेज उलटं फिरलं की परत तेच. सेकंदाला पन्नास आवर्तनं, प्रत्येकात दोनदा. वर्नर फॉन सीमेन्सने १८५७ मध्ये याच गोष्टीचा मुद्दाम उपयोग करून ओझोन बनवायचं यंत्र केलं होतं. म्हणजे जो आमच्यासाठी फॉल्ट तो त्याच्यासाठी प्रॉडक्ट.

पण जिथे तो फॉल्ट असतो तिथे फार वाईट असतो. मीटर जवळपास काहीच सांगत नाही, फ्यूज उडत नाही, आणि आत इन्सुलेशन कुरतडलं जात असतं. केबलमधलं एक्स.एल.पी.ई. घ्या. त्याचा कॉन्स्टंट २.३. बनवताना आत एखादा चपटा बुडबुडा क्षेत्राला आडवा राहिला, तर त्या बुडबुड्यात क्षेत्र आजूबाजूच्या २.३ पट. आणि आत भरलेली काय? हवा किंवा वायू, जो प्लॅस्टिकपेक्षा कितीतरी लेचापेचा. सगळ्यात कमजोर माणसाला सगळ्यात जड पोतं! बुडबुड्यात ठिणग्या पडत राहतात, भिंती झिजतात, झाडाच्या फांद्यांसारख्या रेषा पुढे पुढे सरकतात आणि एक दिवस केबल जाते. म्हणून कारखान्यातून बाहेर पडण्याआधी अशा केबलची पार्शल डिस्चार्ज टेस्ट करतात. ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन व्हॅक्यूममध्ये सुकवून मग तेल भरतात त्यालाही ओलाव्याइतकंच हे कारण आहे. कागदाच्या घड्यांत हवा राहता कामा नये.

इथे दोन गोष्टी सांगायलाच पाहिजेत, नाहीतर तुम्हीही माझ्यासारखेच अडकाल. पहिली, ही वाटणी ए.सी.ची. डी.सी. बराच वेळ ठेवलं तर वाटणी डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंटवर होत नाही, कोणाचा रोध किती त्यावर होते, आणि उत्तर पूर्ण बदलू शकतं. दुसरी जास्त मजेदार आहे. समजा प्लेटा २० किलोव्होल्टला भारल्या, सप्लाय काढून टाकला आणि मग काच सरकवली. आता? प्लेटांवरचा भार तेवढाच आहे, जाणार कुठे? म्हणून हवेतलं क्षेत्र होतं तेवढंच, २, राहतं. काचेत ते एक षष्ठांश होतं. एकूण व्होल्टेज २ गुणिले ३.३३, म्हणजे ६.६७ वर येतं. हवा फुटत नाही! त्याच प्लेटा, तीच काच, तोच गॅप. फरक एवढाच की सप्लाय २० चा हट्ट धरून बसला होता आणि आता कोणी हट्ट धरणारं नाही. ओरलला "काच घातली" असं म्हटलं की आधी "सप्लाय जोडलेला आहे का, सर?" हे विचारा. निम्मे मार्क तिथेच आहेत.

आता थोडं तेलाबद्दल, कारण लॅबमध्ये आपण सगळेच ते प्रॅक्टिकल करतो आणि सगळेच मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवतो. ट्रान्सफॉर्मरच्या तेलाच्या टेस्टमध्ये दोन इलेक्ट्रोडमध्ये २.५ मिलिमीटर गॅप ठेवतात, व्होल्टेज सेकंदाला २ किलोव्होल्टने चढवतात, सहा वेळा फुटू देतात आणि सरासरी काढतात. ३० किलोव्होल्ट म्हणजे मिलिमीटरला १२. हे आर.एम.एस. हं. आम्ही गॅप कसा लावला होता? डोळ्याने! गेज ड्रॉवरमध्ये होतं, कोण उठणार.

तर काकांनी त्या दिवशी हे पण विचारलं. समजा तेल खराब आहे, २.५ ला २५ किलोव्होल्टमध्येच फुटतं. म्हणजे मिलिमीटरला १०. आणि तुमचा गॅप चुकून ३ मिलिमीटर लागला. किती वाचाल? १० गुणिले ३, म्हणजे ३०. पास! तेलाचा हिशेब हवेइतकासुद्धा सरळ रेषेत चालत नाही, तेव्हा नेमके ३० नाही येणार, पण आकडा वरच चढणार हे नक्की. अर्धा मिलिमीटर. पेन्सिलीच्या शिशाची जाडी. तेवढ्यावर ओलं तेल "ओके" होऊन गावातल्या डी.पी.मध्ये परत जातं, आणि पहिल्या पावसात रात्री दोन वाजता ते फुटतं. त्या खांबाखाली तेव्हा कोणीतरी लाइनमन उभा असतो. काका हे बोलले तेव्हा त्यांनी आवाज चढवला नाही, पण आम्ही तिघांनी जर्नलमधलं ते पान घरी न नेता तिथेच परत केलं. या वेळी गेज लावून. आमच्या मागच्या रीडिंगमध्ये आणि या रीडिंगमध्ये चार किलोव्होल्टचा फरक आला. वर की खाली, ते विचारू नका.

आणखी एक प्रसंग राहिला. काचेचा प्रयोग संपल्यावर सप्लाय बंद झाला, लाइट लागले, तसा माझा रूम पार्टनर "काच गरम झाली का बघतो" म्हणत दार उघडून आत हात घालायला गेला. काकांनी त्याची कॉलर मागून धरली. रॉड लावला नव्हता. "बंद केलंय ना, काका!" "बंद केलंय ते बटण. काचेवर बसलेला भार बटणाला विचारून उतरत नाही." मग त्यांनी रॉड वरच्या चकतीला लावला, तो तसाच अडकवून ठेवला, आणि काच कशी उचलायची तेही दाखवलं. भार किती उरला असेल कोण जाणे, कदाचित नगण्यच. पण कॉलर धरली नसती तर ते आम्हाला मोजून कळलं असतं असं नाही, कळवून घेऊन कळलं असतं.

परत येताना टपरीवर पहिला चहा झाला, अर्थात माझ्या खिशातून. मी म्हटलं, "मग काच अजून जाड केली तर? ९.९ मिलिमीटर. फट फक्त ०.१ राहील." 'वैज्ञानिक'ने बिलाच्या कागदावरच मांडलं. ९.९ भागिले ६, म्हणजे १.६५. अधिक ०.१. एकूण १.७५. क्षेत्र ११.४ किलोव्होल्ट प्रति मिलिमीटर, फटीवर सुमारे ११४० व्होल्ट. केसाएवढी फट फुटायला साधारण हजार व्होल्ट लागतात. म्हणजे तरीही फुटणार. केसाएवढ्या फटीतसुद्धा!

"आणि केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी? ०.०१?"

परत मांडलं. क्षेत्र जवळजवळ १२ किलोव्होल्ट प्रति मिलिमीटर, आतापर्यंतचं सगळ्यात जास्त. पण फटीवर येतात फक्त १२० व्होल्ट. आणि फ्रीडरिख पाशेनने १८८९ मध्ये दाखवून दिलं की वायूला फुटायला व्होल्टेजची एक किमान पातळी लागतेच. हवेला ती सुमारे ३३० व्होल्टची. त्याखाली गॅप कितीही कमी करा, ठिणगी पडायला इलेक्ट्रॉनला धावायला जागाच उरत नाही. क्षेत्र सगळ्यात जास्त, आणि हवा शाबूत!

म्हणजे या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी अशी एक फट आहे की जिथे फटीवरचे व्होल्ट बरोबर ३३० होतात. ती किती मायक्रॉनची, ते आम्ही दुसऱ्या चहाला काढलं. तुम्हीही काढून बघा. आमचं उत्तर आलं २८ च्या आसपास, पण मग वैज्ञानिक म्हणाला की २८ मायक्रॉनला हवा फुटायला ३३० पेक्षा जास्त लागतात, किमान पातळी तर सात-आठ मायक्रॉनवर येते, म्हणजे खरी हद्द आणखी पुढे सरकणार... आणि टपरीवाल्याने विचारलं, "अजून दोन कटिंग देऊ का?"